ल्युसिड ड्रीमसाठी झोपेचं वाटोळं करू नका

‘ल्युसिड ड्रीमसाठी, म्हणजे स्वप्नातच ते स्वप्न आहे हे कळावं म्हणून, पंधरा दिवस प्रयत्न करून बघितला, काहीच झालं नाही,’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, स्वप्नांची वही कुठे आहे? बहुतेक वेळा वही नसतेच. स्वप्न चालू असताना ‘हे स्वप्न आहे’ हे कळायला हवं, पण काल रात्रीचं एकही स्वप्न आठवत नाही! कदाचित कळलंही असेल आणि सकाळपर्यंत विसरलात. वही उशाशी ठेवा. जाग आली की डोळे उघडू नका, कूस बदलू नका. शेवटचं दृश्य धरून मागे मागे जा आणि मग चार शब्द खरडा: ‘आत्याचं घर, ओला जिना, बस चुकली’. एवढं पुरतं. मोबाइलवर लिहू नका. स्क्रीन उजळून एक मेसेज दिसला की स्वप्न गेलंच.

सगळ्यात वाईट चूक अलार्मची. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं. पहिल्या काही तासांत गाढ झोप जास्त, आणि ठसठशीत स्वप्नांची आरईएम झोप पहाटेकडे लांबत जाते. म्हणून पाचेक तास झोपून उठायचं, थोडं जागं राहायचं आणि पुन्हा झोपायचं. माझ्या मावसभावाने यातलं ‘उठायचं’ एवढंच उचललं. बाराला आडवा व्हायचा आणि दोन, तीन, चार असे अलार्म लावायचा. रोज. आठव्या दिवशी सकाळी चाकणला कामावर जाताना बाइकवर त्याला डुलकी लागली आणि गाडी कडेच्या खडीत गेली. कोपर सोलवटलं, मनगटाला प्लास्टर. मागून ट्रक नव्हता म्हणून वाचला. मला अजून राग येतो, कारण ‘फक्त सुट्टीच्या आदल्या रात्री आणि एकदाच’ हे मी त्याला बजावून सांगितलं होतं. घाई झालेल्या माणसाला नेमकं तेवढंच ऐकू येत नाही.

मी शनिवारी साडेदहाला झोपतो, साडेतीनला उठतो, पाणी पितो, वही चाळतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा आडवा होतो आणि झोप लागेपर्यंत मनात एकच: पुढचं स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल. ही युक्ती अमेरिकेतल्या स्टीफन लाबर्ज यांची. १९८०च्या सुमारास स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत त्यांनी स्वप्नातूनच, आधी ठरवलेल्या डोळ्यांच्या हालचालींनी खूण करून दाखवली होती.

गोळ्यांच्या नादी लागू नका. गॅलँटामाइन हे अल्झायमरवरचं औषध आहे, डॉक्टरांशिवाय घ्यायचं नाही. दारू पिऊन प्रयत्न करू नका, ती आरईएम झोपच दाबते. जागेपणी भास होत असतील तर या वाटेला जाऊच नका. जाग येऊनही अंग हलेना, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं, तर घाबरू नका. शांत श्वास घ्या, थोड्या वेळात सुटतं.

‘हे स्वप्न तर नाही ना?’ हे तपासायला दिवसातून पन्नासदा नाक दाबून बघणारेही आहेत. स्वप्नात नाक दाबलं तरी श्वास चालू राहतो, हे खरं. पण दाबताना मनात शंकाच नसेल, तर स्वप्नातही तुम्ही तसंच यंत्रासारखं दाबाल आणि पुढे जाल. मी दिवसातून पाचच वेळा करतो, पण ‘मी इथे कसा आलो?’ हे खरोखर आठवून. शिवाय कुठलाही मजकूर दोनदा वाचतो, कारण स्वप्नात तो बहुधा बदलतो.

मला कळलं ते असंच. साताऱ्याच्या घरी, आजीच्या खोलीत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर १४ तारीख होती. नजर वळवून परत पाहिलं तर तिथे ४१. आजी जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी आनंदाने ओरडलो आणि त्याच क्षणी जागा झालो. बहुतेकांचं पहिलं स्वप्न असंच हातचं जातं, म्हणून कळल्याबरोबर उडायला धावू नका. स्वप्न टिकावं म्हणून मी आता आधी तळहात एकमेकांवर घासतो, मग जवळची भिंत चाचपतो. गेल्या खेपेला पोपडा सुटलेल्या जागी बोटांना गार माती लागली. मी तसाच उंबऱ्यावर बसून राहिलो, आणि आतून आजीच्या बांगड्यांचा आवाज आला.