क्लच पॅडल खाली बसलं? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी एवढं बघा

मागच्या मे महिन्यात मांजरसुंब्याच्या घाटात आमच्या गाडीचं क्लच पॅडल दाबलं ते खालीच बसलं, पायाच्या बोटानं वर ओढावं लागलं. पहिल्या गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच सांगितलं की क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागंल. निघालं काय तर खालचा स्लेव्ह सिलेंडर, म्हणजे ऑइलच्या दाबानं क्लच ढकलणारा भाग, गळत होता, बाहेरच्या बाजूला, दोन बोल्टचं काम. म्हणून कळकळीनं सांगतो, आधी स्वतः बघा.

बंद गाडीत गिअर टाका. बंद असताना सगळे गिअर पडतात पण चालू केली की पहिला पडत नाही, रिव्हर्सला कर्र करून आवाज येतो, तर क्लच सुटत नाहीये, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाहीये. आणि गिअर नीट पडतात पण चढाला इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पळत नाही, तर प्लेट घसरतीय, तिथं हायड्रोलिकच्या, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या भागांच्या, मागं लागू नका.

मग बोनेट उघडून ऑइलची डबी बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचला डबी एकच असते अन् क्लचची नळी वरच्या बाजूनं निघते, त्यामुळं ऑइल उतरलं की पहिला क्लच जातो. गळती ब्रेकची पण असू शकते बरं का, चारी चाकं आतून बघा, हे टाळूच नका.

आता ओल शोधा. पॅडलच्या वर, जिथं रॉड आत जातो तिथं बोट फिरवा, मॅट उचलून बघा, तिथं ओलं तर वरचा मास्टर सिलेंडर गेला, पॅडल दाबलं की ऑइल खाली स्लेव्हकडं ढकलतो तो. खाली स्लेव्हचं रबर सरकवा, आतून ऑइल निघालं तर तो गेला. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच असतो, तिथं बेल हाऊसिंगच्या, म्हणजे इंजिन अन् गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या, तळाशी पातळ ब्रेक ऑइल टपकत असलं तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

कुठंच ओल नाही? दहा-पंधरा वेळा पंप मारून पॅडल दाबून धरा. कडक झालं पण हळूहळू खाली जातंय, तर बहुतेक मास्टरचं आतलं सील गेलंय. पंपानं कडक होतं अन् थोड्या वेळानं परत मऊ, तर लाइनीत हवा. एकाला पॅडल दाबायला बसवून स्लेव्हचा रॉड पण बघा, तो पूर्ण सरकतोय अन् तरी क्लच सुटत नाही तर दोष आत, फोर्क, बेअरिंग नाहीतर प्रेशर प्लेटमध्ये.

ऑइल झाकणावर लिहिलेलंच टाका, डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल चुकूनही नको, सगळी रबरं फुगतात. हवा काढताना पॅडल दाबून धरायचं, स्लेव्हवरचं हवा काढायचं निपल सैल करायचं, बंद करायचं, मगच पॅडल सोडायचं, आधी सोडलं तर हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, अन् मधे डबी रिकामी होऊ देऊ नका. पेंटवर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग खातं ते.