लो-कार्बवर वजन अडकलंय? आधी कार्ब्ज आणखी कमी करायचं थांबवा

लो-कार्बवर, म्हणजे कार्ब्ज (कर्बोदकं) कमी केलेल्या आहारावर, सुरुवातीला काटा भराभर खाली येतो. कपडे सैल होतात, लोक विचारायला लागतात. मग एक दिवस आकडा थांबतो आणि पुढचे कित्येक दिवस जागचा हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात. ज्याने वजन उतरलं, तेच आणखी कडक करतात. रोजचे 40 ग्रॅम कार्ब्ज 20 वर येतात, 20 चे 10 होतात. मीसुद्धा सहा आठवडे हेच केलं. वजन होतं तिथेच राहिलं, बद्धकोष्ठता आणि चिडचिड तेवढी वाढली. त्या सहा आठवड्यांत मला कुणी सांगायला हवं होतं ते इथे लिहिते आहे.

वजन खरंच अडकलंय का?

पहिली चूक इथेच होते. शरीर कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं. यकृतात साधारण 100 ग्रॅम, स्नायूंमध्ये 400 ग्रॅमच्या आसपास, आणि दर ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी. कार्ब्ज कमी केले की हा साठा उतरतो आणि त्यातलं पाणी निघून जातं. शिवाय इन्सुलिनची पातळी खाली आल्यामुळे मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात, त्या मिठामागून आणखी पाणी जातं. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो गेले असतील, तर त्यात चरबी थोडी आणि पाणीच जास्त होतं.

मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वेग मंदावतो आणि माणूस घाबरतो. खरं तर तेव्हा कुठे चरबी उतरण्याचा खरा वेग दिसायला लागलेला असतो. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7,700 कॅलरी. रोज 500 कॅलरींची तूट ठेवली तरी आठवड्याला अर्धा किलोसुद्धा पूर्ण होत नाही.

याची उलट बाजूही लक्षात ठेवा. एखाद्या दिवशी ब्रेड, बटाटे, गोड असं पोटभर खाणं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन दीड किलोने वाढलेलं दिसलं, तर ती चरबी नाही. दीड किलो चरबी साठायला गरजेपेक्षा 11,000 कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात, त्या एका दिवसात जात नाहीत. ग्लायकोजेन परत भरलं आणि त्याच्याबरोबर पाणी आलं, एवढंच. नेहमीचं जेवण सुरू ठेवलं की ते काही दिवसांत उतरतं. शिक्षा म्हणून दुसरा दिवस उपाशी काढू नका. त्या उपाशी दिवसाच्या रात्री पुन्हा तोल जातो आणि मग हे चक्रच सुरू होतं.

आता वजन करण्याच्या पद्धतीबद्दल, कारण निम्मी निराशा तिथून येते. समजा एका आठवड्याचे आकडे असे आहेत: 78.4, 78.9, 78.1, 79.2, 78.6, 78.0, 78.3. पुढच्या आठवड्याचे असे: 78.6, 78.2, 78.8, 77.9, 78.4, 78.1, 77.8. फक्त सोमवारी वजन करणाऱ्याला 78.4 वरून 78.6 झालेलं दिसेल. आठवडाभर पाळलं आणि वर 200 ग्रॅम वाढले, असं त्याला वाटेल. पण सरासरी काढा. पहिल्या आठवड्याची 78.5 आणि दुसऱ्याची 78.26. म्हणजे जवळजवळ पाव किलो उतरलंय आणि ज्याचं उतरलंय तोच रडकुंडीला आलाय. म्हणून रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी दुसऱ्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. रोजचा आकडा बघून मन खचत असेल, तर घरातल्या कुणाला तरी लिहून ठेवायला सांगा.

पाळी येणाऱ्या बायकांनी मागच्या आठवड्याशी तुलना करण्यापेक्षा मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी करावी. पाळीच्या आधी शरीरात पाणी धरलं जातं आणि त्याखाली दोन आठवड्यांची उतरलेली चरबी सहज लपते.

कंबरही मोजा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. सरासरी वजन आणि कंबर ही दोन्ही सलग चार आठवडे हलली नाहीत, तरच वजन अडकलं म्हणायचं.

कार्ब्ज कापण्यात हाती काय लागतं?

खरोखर अडकलंय असं धरून चालू. 20 ग्रॅम कार्ब्ज म्हणजे 80 कॅलरी. हे 20 ग्रॅम बहुधा पालक, कोबी, फ्लॉवर, काकडी, टोमॅटो यांतून येत असतात. ते शून्यावर आणले तरी वाचतात जास्तीत जास्त 80 कॅलरी. त्या बदल्यात ताटातला चोथा जातो, पोट भरल्याची जाणीव जाते, आणि ती रिकामी जागा चीजच्या एका तुकड्याने भरली की वाचवलेल्या कॅलरी व्याजासकट परत येतात.

सातव्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातला छोटा काटा बाहेर काढला. दुपारी आणि रात्री मूठभर बदाम खायची सवय होती. वहीत नोंद असायची 30 ग्रॅम, म्हणजे सुमारे 175 कॅलरी. त्या दिवशी नेहमीसारखीच मूठ भरली आणि काट्यावरच्या वाटीत सोडली. 52 ग्रॅम. काहीतरी चुकलं असेल म्हणून काटा शून्य करून पुन्हा मूठ भरली. 49. सुमारे 290 कॅलरी, दिवसातून दोनदा. मग तेलाची बाटली काट्यावर ठेवली, नेहमीच्या अंदाजाने कढईत तेल ओतलं आणि बाटली परत ठेवली. 24 ग्रॅम तेल गेलं होतं, 216 कॅलरींचं. वहीत एक मोठा चमचा लिहिलेला असायचा, म्हणजे 120. नुसत्या या दोन गोष्टींत दिवसाला सव्वातीनशे कॅलरी वहीबाहेर राहत होत्या. कार्ब्जच्या रकान्यात मात्र त्यांचा मागमूस नव्हता. मी दोन ग्रॅम काकडीचा हिशोब घालत बसले होते आणि गळती भलतीकडेच होती.

हे माझ्या एकटीचं नाही. 1992 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. रोज 1,200 कॅलरींहून कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या माणसांचं खाणं आणि ऊर्जेचा खर्च शास्त्रीय पद्धतीने मोजला गेला. त्यांचं चयापचय ठीक होतं. आपण किती खातो याचा त्यांचा अंदाज मात्र सरासरी 47 टक्क्यांनी कमी निघाला आणि हालचालीचा अंदाज 51 टक्क्यांनी जास्त. यात लबाडी शोधू नका, अंदाजाने मोजणाऱ्या कुणाचंही असंच होतं.

‘लो-कार्बवर फॅट कितीही खा’ हा सल्ला सुरुवातीला चालून जातो, कारण बऱ्याच जणांची भूक आपोआप शमते आणि एकूण खाणं घटतं. पण शरीराला चरबी जाळायचीच आहे तर ती आधी ताटातली जाळेल. ताटातली पुरून उरत असेल तर अंगावरची कशाला काढेल? स्टॅनफर्डमध्ये 609 जणांवर वर्षभर एक प्रयोग झाला, 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. लो-फॅट गटाचं वजन सरासरी 5.3 किलोने उतरलं, लो-कार्ब गटाचं 6.0 किलोने, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. लो-कार्बने माझं भलं केलं, मी आजही तसंच जेवते. पण कार्ब्ज कमी आहेत म्हणून बाकीचं मोजायचं नाही, असं चालत नाही.

तेव्हा दहा दिवस चारच गोष्टी वजन करून घ्या: तेल-बटर, सुका मेवा, चीज आणि क्रीम. भाज्या मोजू नका. मद्य घेत असाल तर तेही धरा, त्याच्या दर ग्रॅमला 7 कॅलरी असतात.

वजन कमी झालं, हिशोब जुनाच राहिला

काहींची मापं अगदी चोख असतात, तरी काटा थांबतो. कारण आता शरीर लहान झालंय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पूर्वी असलेले संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मांडणीनुसार, उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण 20 ते 30 कॅलरींनी घटतो आणि भूक रोज 100 कॅलरींच्या आसपास वाढते. दहा किलो उतरले असतील तर जेवण तेच असूनही 500 च्या तुटीतली निम्मी तूट संपलेली असते, आणि भूक पाठीशी लागलेली असते ती वेगळीच. तुमची इच्छाशक्ती कमी पडलेली नाही. आजच्या वजनावर हिशोब नव्याने मांडा, 200 ते 300 कॅलरी कमी करा आणि त्या फॅटमधून काढा. एका वेळी एकच बदल करा आणि त्याला तीन आठवडे द्या.

प्रोटीन मात्र कापू नका. ‘जास्त प्रोटीनची साखर होते’ या भीतीने लोक अंडी, मासे, चिकन, टोफू कमी करतात आणि त्या जागी बटर वाढवतात. म्हणजे जे पोट भरतं आणि स्नायू टिकवतं तेच जातं. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दर किलो वजनामागे 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रोटीन हे चांगलं प्रमाण आहे. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम करा. नवा व्यायाम सुरू केल्यावर स्नायूंत पाणी धरतं आणि काटा काही दिवस वर जातो, त्याने गडबडू नका.

लघवीतले कीटोन (चरबी जळताना शरीरात तयार होणारे पदार्थ) दाखवणाऱ्या पट्टीचा रंग फिका झाला म्हणून धास्तावणंही सोडा. ती पट्टी लघवीतून बाहेर पडणारा कीटोनचा एक प्रकार, अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट दाखवते. शरीर कीटोन वापरायला सरावलं की बाहेर कमी पडतात. किती चरबी जळली हे त्या रंगावरून कळत नाही.

‘शुगर-फ्री’ चॉकलेट आणि बारच्या वेष्टनामागे माल्टिटॉल लिहिलेलं असेल, तर तो शून्य समजू नका. त्याने रक्तातली साखर वाढते आणि त्यात कॅलरीही असतात.

झोप कापून आणि उपाशी राहून

वजन अडकलं की लोक पहाटे तास-दीड तास लवकर उठून चालायला लागतात आणि तो वेळ झोपेतून काढतात. 2010 मध्ये छापून आलेल्या एका छोट्या अभ्यासात दहा जणांना दोन आठवडे तितक्याच कॅलरी देऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेची वेळ दिली होती. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी उतरण्याचं प्रमाण 55 टक्क्यांनी घटलं. त्या जागी चरबीखेरीजचं वजन, म्हणजे स्नायू वगैरे, जास्त गेलं.

एकदम 800 कॅलरींवर उडी मारणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं जवळजवळ पाव वजन उतरलं. पण पायांना सूज आली, अंगातलं त्राण गेलं, आणि दिवसभर डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विचार उरला नाही. कमी खाऊन थकलेलं शरीर नकळत हालचालही कमी करतं. माणूस लिफ्ट घेतो, बसून राहतो. तुमचं असं झालं असेल, तर दोन आठवडे वजन स्थिर राहील इतकं जेवा, कार्ब्ज तेवढेच कमी ठेवून. उतरलेलं वजन टिकवण्याचा सरावही त्यातच होतो.

हे मात्र स्वतःहून करू नका

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील, तर कार्ब्ज घटवल्यावर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांवर कडक लो-कार्ब केलं, तर साखर फारशी न वाढताही रक्तात कीटोन साचून ते आम्लधर्मी होण्याचा धोकादायक प्रकार, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप असं काही झालं तर ग्लुकोमीटरचा आकडा चांगला आहे म्हणून थांबू नका, तडक दवाखान्यात जा. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही बदलावा लागू शकतो आणि मीठ किती घ्यायचं हेही या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांनाच विचारावं.

हिशोब चोख, झोप नीट, तरी चार आठवडे काही हलत नसेल तर थायरॉइड तपासून घ्या. स्टेरॉइड किंवा मिर्टाझापिन, ओलान्झापिनसारखी मानसिक आजारांवरची औषधं चालू असतील तर त्यांचाही वजनावर परिणाम होतो. ती स्वतःच्या मनाने बंद मात्र करायची नाहीत. डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी, चार आठवड्यांच्या सरासऱ्या, कमरेची मापं आणि त्या दहा दिवसांची मोजून लिहिलेली वही बरोबर न्या.