‘डिअर सर’ टाइप करण्याआधी

इंग्रजीत अर्ज लिहायला बसलं की बोटं आपोआप ‘डिअर सर’ टाइप करतात. शाळेत पत्रलेखनात तेच घोटून घेतलेलं! पलीकडे बाई असतील तर? नाव ठाऊक असेल तर पूर्ण नाव लिहा, नसेल तर पद: ‘डिअर हायरिंग मॅनेजर’. बाईंसाठी ‘मिस’ की ‘मिसेस’ या घोळात पडूच नका, नावाआधी एम-एस (Ms) लिहा, उच्चार ‘मिझ’. न्यूयॉर्क टाइम्सनेही ते १९८६ मध्ये स्वीकारलं. लग्न झालंय की नाही, ही चौकशी ‘मिस्टर’मध्ये कुठे असते?

खरी गोची सर्वनामाची. ‘एव्हरी एम्प्लॉयी मस्ट सबमिट हिज फॉर्म’ या वाक्यात ऑफिसातल्या सगळ्या बायका गायब. आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धरल्या आहेत, पण तुम्ही कायदा लिहीत नाही, नोटीस लिहिताय. ‘हिज ऑर हर’ दर ओळीत आलं की वाचणारा ठेचकाळतो. त्यापेक्षा वाक्य अनेकवचनी करा: ‘ऑल एम्प्लॉयीज मस्ट सबमिट देअर फॉर्म्स’. एकवचनीच हवं असेल तरी ‘देअर’ चालतं. ही काही नवी टूम नाही, इंग्रजीत कित्येक शतकं रुळलेली आहे.

‘चेअरमन’चं ‘चेअरपर्सन’ करा. ‘बॅट्समन’चं ‘बॅटर’ तर क्रिकेटच्या नियमांनीच २०२१ मध्ये केलं.

पाठवण्याआधी ‘फाइंड’मध्ये ‘हिज’ आणि ‘मॅन’ शोधा. ‘मॅनेजर’ही सापडेल. त्याला मात्र हात लावू नका, कारण त्यातला ‘मॅन’ पुरुष नाहीच. तो लॅटिनमधल्या ‘हात’ या अर्थाच्या शब्दातून आलाय.