पॅडॉक स्टँडवर बाइक चढवायची कशी आणि मुख्य म्हणजे उतरवायची कशी

माझी बाइक पडली ती स्टँडवर चढवताना नाही, उतरवताना. पावसाळ्यात कोकणातून आलो होतो, चेन चिखलाने माखलेली, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये पॅडॉक, म्हणजे मागचं चाक जमिनीवरून उचलून धरणारा स्टँड, लावून साफ करायला बसलो. साइड स्टँड नेमका चेनच्या बाजूलाच, ब्रश फिरवताना आडवा येत होता म्हणून पायाने वर केला आणि विसरलो. तासाभराने काम झालं, मागून पॅडॉक सोडला, बाइक नेहमीसारखी डावीकडे कलली आणि कलतच गेली, शेजारच्या काकांच्या अ‍ॅक्टिव्हावर जाऊन थांबली. आरसा त्यांचा, क्लच लिव्हर माझा, आणि चहा पाजून माफी मागितली ती वेगळीच.

ज्या गाडीला मेन स्टँड आहे, म्हणजे स्प्लेंडर, शाइन, क्लासिक ३५०, त्यांना घरच्या चेन-सफाईसाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही हे आधीच सांगतो, उगाच पैसे घालू नका. क्लासिक १९५ किलोची आहे म्हणून लोक घाबरतात, पण मेन स्टँडला ताकद लागत नाही, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत ना बघायचं, मग त्याच्या लिव्हरवर उभं राहिल्यासारखं सगळं वजन टाकायचं, हाताने फक्त दिशा द्यायची, गाडी स्वतःच वर येते. हाताने उचलायला गेलात की कंबर गेली. प्रश्न येतो ड्यूक, आर१५, एमटी-१५ वाल्यांचा, ज्यांना फक्त साइड स्टँड असतो. त्यांच्यासाठी मागचा पॅडॉक.

पॅडॉक दोन प्रकारे लागतो. एक, स्विंगआर्म म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, त्याच्याखाली रबरी पॅड टेकवून, आणि दुसरा, स्विंगआर्मला बसवलेल्या बॉबिनमध्ये हुक अडकवून. बॉबिन म्हणजे दोऱ्याच्या रिळासारखे छोटे गट्टू, मागच्या चाकाजवळ स्विंगआर्मला त्यासाठी आटे पाडलेले असतात, गाडीप्रमाणे ६, ८ नाहीतर १० एमएमचे, स्वतःच्या गाडीचा साइज बघूनच आणा आणि बसवताना हाताने चार आटे नीट गेले की मगच पाना लावा कारण स्विंगआर्म अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर आटे एकदा झिजले की डोक्याला ताप. तुमच्या गाडीला आटे असतील तर बॉबिनच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, रबरी पॅड तेलकट झाला की सरकतो.

आता जागा. फरशी सपाट पाहिजे, आणि कोरडी. पार्किंगला पाणी जाण्यासाठी थोडा उतार दिलेलाच असतो, डोळ्याला दिसत नाही, एक लिंबू ठेवून बघा घरंगळतं का. मातीत, पेव्हर ब्लॉक हलत असतील तिथे, किंवा गुळगुळीत ओल्या टाइल्सवर नको. पायात स्लीपर नको, बूट घाला. लहान पोरं आजूबाजूला खेळत असतील तर त्यांना आधी पिटाळा, फिरतं चाक दिसलं की पोरांची बोटं तिकडे जातातच.

चाक काढायचं असेल तर चढवायच्या आधी एक काम: अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्या. तो नट भरपूर टाइट असतो, लांब पान्याला लटकावं लागतं, आणि ती ओढाताण स्टँडवर उभ्या गाडीशी केलीत तर गाडी अंगावर येऊ शकते. परत बसवताना पण तसंच, शेवटचं घट्ट कसणं गाडी खाली आल्यावर.

चढवताना साइड स्टँड खालीच राहू द्या, गाडी न्यूट्रलला, इंजिन बंद, किल्ली खिशात. स्टँडची रुंदी दोन्ही बॉबिनच्या मापाला आधी लावून ठेवा. गाडीच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात उभे रहा, डाव्या हाताने मागचं हँडल किंवा सीटखालची मजबूत जागा धरून गाडी सरळ उभी करा, उजव्या हाताने स्टँड सरकवून दोन्ही हुक बॉबिनखाली आणा. इथे घाई नको. आपल्या बाजूचा बसला म्हणून पलीकडचाही बसला असेल असं धरून चालू नका, वाकून बघा, एका बाजूनेच अडकलेला असताना दाबलं की गाडी पलीकडे, जिथे साइड स्टँडही नाही. दोन्ही बसले की स्टँडच्या मागच्या दांड्यावर हाताने किंवा पायाने वजन टाकून खाली आणि थोडं मागे दाबा. बाइक किंवा स्टँड, काहीतरी बोटभर सरकतंच, त्याला घाबरून मध्येच सोडू नका, एका दमात पूर्ण खाली न्या. पहिल्या दोन-तीन वेळा एक माणूस समोर हँडल धरून उभा करा, कितीही वाटलं की मला जमेल तरी.

वर आली की सीटला हलकंसं हलवून बघा. मग पुढच्या चाकाला पुढून-मागून एकेक वीट, आणि पुढचा ब्रेक दाबून लिव्हरला ट्यूबचा तुकडा गुंडाळून टाका. आता चाक हाताने फिरवत चेन साफ करायची, रॉकेल चालतं, पेट्रोल नको कारण चेनमधल्या ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, खराब होतात. आणि हो, इंजिन चालू करून पहिल्या गिअरला चाक फिरवत फडकं धरणारे खूप आहेत, दोन मिनिटं वाचतात म्हणे. फडकं चेन आणि स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) ओढलं गेलं की मागोमाग बोटं जातात, सोडायलाही वेळ मिळत नाही. हातानेच फिरवा.

काही कामांना हा स्टँड चालतच नाही. मागचा शॉक काढायचा असेल तर नाही, कारण गाडीचं वजन स्विंगआर्मवरून शॉकवरच येतंय, तो काढला की गाडी खाली बसणार. पुढचं चाक काढायला पुढचा वेगळा स्टँड लागतो आणि तो नेहमी मागचा लावल्यावरच, एकटा पुढचा कधीच नाही. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, काढायचे असतील तर फोर्कखालून उचलणारा उपयोगाचा नाही, स्टीअरिंगच्या दांड्यातून उचलणारा पाहिजे. इंजिनखाली कैची जॅक लावायचा असेल तर आधी खाली वाकून बघा काय आहे: फ्रेमचे पाइप असतील तर लाकडी फळी ठेवून चालेल, पण पल्सर एनएस२०० किंवा जुन्या ड्यूक ३९० सारखा सायलेन्सर पोटाखाली असेल किंवा नुसता ऑइलचा चेंबर उघडा असेल तर तिथे जॅक नको. आणि जॅकवर असताना दोन्ही बाजूंनी पट्टे बांधा, चाक सुटण्यापुरतंच वर घ्या, फूटभर उंच करून मिरवायचं काही कारण नाही.

आता उतरवणं. आधी हत्यारं, डबा, फडकी सगळं बाजूला, पाय ठेवायला जागा मोकळी. पुढच्या विटा आणि ब्रेकची ट्यूब काढा. मग साइड स्टँड. खाली आहे असं वाटतंय म्हणून नाही, वाकून हाताने पुढे ओढून बघा. मी आता पॅडॉकच्या दांड्याला लाल चिंधी बांधलीये, ती दिसली की आधी साइड स्टँड आठवतो, घरचे हसतात, हसू देत. पुन्हा त्याच डाव्या कोपऱ्यात उभे राहून एका हाताने गाडी धरा, दुसऱ्याने दांडा हळू वर घ्या, चाक टेकलं तरी गाडीचा हात सोडायचा नाही, हुक दोन्हीकडून सुटले की स्टँड पायाने मागे ढकला आणि मग गाडी सावकाश साइड स्टँडवर कलवा.

चाक काढलं असेल तर अ‍ॅक्सल नट आता पूर्ण कसा, चेनचा ढिलेपणा स्विंगआर्मवरच्या स्टिकरप्रमाणे तपासा, आणि गाडीवर बसायच्या आधी मागचा ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पॅड मागे सरकलेले असतात त्यामुळे पहिल्यांदा पॅडल रिकामंच जातं. मग गेटपर्यंत पहिल्या गिअरला जाऊन दोन्ही ब्रेक लावून बघा.