पीएच.डी. करताना स्वतःला सांभाळण्याविषयी

पीएच.डी.चा ताण परीक्षेच्या ताणाहून वेगळा असतो. परीक्षेला तारीख असते, ठरलेला अभ्यासक्रम असतो आणि निकाल लागला की विषय मिटतो. संशोधनाची मुदत काही वर्षे पुढे असते, अभ्यासक्रम आपला आपणच आखायचा असतो आणि केलेले काम पुरेसे झाले की नाही हे मोजकी दोन-चार माणसे ठरवतात. त्यामुळे काम कधीच संपल्यासारखे वाटत नाही आणि काम संपलेले नसताना घेतलेली विश्रांती चोरून घेतल्यासारखी वाटते. माझ्या मते संशोधक विद्यार्थ्यांच्या थकव्याचे मूळ कामाच्या प्रमाणापेक्षा त्याला काठ नसण्यात अधिक आहे. म्हणून स्वतःची काळजी घेण्याचा विचार सुट्टीच्या दिवसापासून सुरू न करता कामाच्या दिवसापासून सुरू करावा.

हा अनुभव एकट्यादुकट्याचा नाही. बेल्जियममधील फ्लँडर्स भागातील ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३२ टक्के विद्यार्थ्यांना एखादा सर्वसामान्य मानसिक विकार असण्याचा किंवा जडण्याचा धोका आढळला, आणि हे प्रमाण इतर उच्चशिक्षितांपेक्षा बरेच जास्त होते. कामाचा बोजा, त्या कामावरचे स्वतःचे नियंत्रण, घर आणि काम यांतील ओढाताण आणि मार्गदर्शकाची पद्धत या गोष्टींचा या धोक्याशी संबंध दिसून आला. मला या निष्कर्षात दिलासा वाटतो, कारण यांतील प्रत्येक गोष्ट परिस्थितीत आहे, विद्यार्थ्याच्या कुवतीत नाही, आणि परिस्थितीत थोडाफार बदल करता येतो.

दिवसाला काठ घालणे

कामाच्या वेळा ठरवून घ्याव्यात आणि त्या लिहून ठेवाव्यात. सकाळी किती वाजता बसायचे यापेक्षा संध्याकाळी किती वाजता उठायचे हे ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण उठण्याची वेळ ठरलेली नसेल तर दुपारचा वेळ रेंगाळण्यात जातो आणि रात्र त्याची भरपाई करण्यात जाते. आठवड्यातून एक दिवस प्रबंधाशी संबंधित काहीही करू नये; संदर्भांची यादी नीट लावण्यासारखे बिनडोक्याचे कामसुद्धा त्या दिवशी नको.

कामे छोटी करावीत, हा सल्ला सगळेच देतात, पण किती छोटी हे कोणी सांगत नाही. ‘तिसरे प्रकरण लिहिणे’ हे काम नव्हे, ती अनेक महिन्यांची चिंता आहे. ‘तिसऱ्या प्रकरणातील दुसऱ्या तक्त्याखाली त्याचा अर्थ सांगणारे दोन परिच्छेद लिहिणे’ हे काम आहे, कारण ते झाले की नाही हे संध्याकाळी निःसंदिग्धपणे सांगता येते. उठण्यापूर्वी शेवटची पाच मिनिटे उद्याचे पहिले काम एका वाक्यात लिहून ठेवण्यासाठी राखावीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांविषयी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. प्रयोग ५७ जणांचाच होता, त्यामुळे त्यावर फार मोठा भार टाकू नये. तरी डोक्यात घोळणारे काम कागदावर उतरले की मन त्याची राखण सोडते, हे करून पाहण्यासारखे आहे.

झोप, आहार आणि व्यायाम यांविषयी बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगतो. प्रौढांना रात्री किमान सात तास झोप हवी. कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनंतरही शरीरात उरलेला असतो, त्यामुळे दुपारनंतरची कॉफी रात्रीच्या झोपेतून वजा होते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस करते. रोज बावीस मिनिटे भरभर चालल्याने ती पूर्ण होते.

मार्गदर्शक आणि अभिप्राय

संशोधनातील सगळ्यांत मोठा आधार आणि सगळ्यांत मोठा ताण पुष्कळदा एकाच व्यक्तीकडून येतो. मार्गदर्शकांशी असलेल्या नात्यात संदिग्धता जितकी कमी, तितका मनावरचा भार कमी. सुरुवातीलाच काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: भेट किती दिवसांनी होईल, मसुदा किती दिवस आधी द्यायचा, अभिप्राय साधारण किती दिवसांत मिळेल, आणि कच्चा मसुदा चालेल की पूर्ण केलेलाच हवा. प्रत्येक भेटीनंतर, शक्यतो त्याच दिवशी, काय ठरले हे चार-पाच ओळींत लिहून त्यांना ईमेल करावा. यामुळे गैरसमज वेळीच दिसतात, आणि सहा महिन्यांनी ‘मी असे सांगितलेच नव्हते’ असा प्रसंग आला तर वाद घालावा लागत नाही. मसुदा पाठवताना कोणत्या बाबीवर मत हवे आहे ते सांगावे. ‘युक्तिवादाचा क्रम पटतो का एवढेच पाहावे, भाषा अजून तपासलेली नाही’ असे लिहिले, तर विरामचिन्हांच्या दुरुस्त्यांनी रंगलेली पाने परत येण्याची शक्यता बरीच कमी होते.

कठोर अभिप्राय आला की तो एकदा वाचावा, बंद करावा आणि त्या दिवशी उत्तर लिहू नये. दुसऱ्या दिवशी तीन रकाने करावेत: समीक्षकाचे म्हणणे, ते मान्य आहे की नाही, आणि त्यावर काय करणार. रागाने वाचताना जे वीस आक्षेप वाटले होते, ते रकान्यांत मांडल्यावर पुष्कळदा सहा-सात उरतात, कारण एकच मुद्दा निरनिराळ्या शब्दांत आलेला असतो. लेखन आणि लेखक यांतील अंतर मनाला पटवण्यापेक्षा कागदावर पाडणे सोपे जाते.

नाते अपमानाचे किंवा भीतीचे झाले असेल, तर ते सहन करणे हा प्रशिक्षणाचा भाग मानू नये. घडलेल्या गोष्टी तारखेसह नोंदवाव्यात, संशोधन समितीतील दुसऱ्या सदस्याशी बोलावे आणि मार्गदर्शक बदलण्याचा नियम काय आहे हे विद्यापीठाच्या कार्यालयातून लेखी मिळवावे. मार्गदर्शक बदलल्याने काही महिने जातील, पण पीएच.डी. अर्ध्यावर सुटण्यापेक्षा ती किंमत फार लहान आहे.

मनातली तुलना

‘मी इथे चुकून आलो आहे आणि एक दिवस ते उघडे पडेल’ ही भावना पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली, यशस्वी स्त्रियांच्या अनुभवांवरून, प्रथम ‘इम्पोस्टर फिनॉमेनन’ (आपण तोतये असल्याची भावना) असे नाव देऊन मांडली. नाव माहीत झाल्याने ती जात नाही, पण भावना आणि पुरावा वेगळे काढता येतात. त्यासाठी एक साधी वही ठेवावी आणि दर आठवड्याला त्यात झालेली कामे लिहावीत. फसलेले प्रयोग आणि वाचून बाजूला ठेवलेली पुस्तकेही त्यात असावीत, कारण कोणती वाट बंद आहे हे कळणे हेही संशोधनच आहे. इतरांच्या प्रसिद्ध झालेल्या निबंधांशी आपल्या कच्च्या मसुद्याची तुलना होत राहते, ती थांबवण्याचा उत्तम उपाय म्हणजे इतरांचे कच्चे मसुदे पाहणे. तीन-चार जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून शांतपणे लिहावे आणि शेवटी दहा मिनिटे अडचणी बोलाव्यात. प्रबंधाविषयी एक शब्दही न विचारणारा एखादा मित्रही हवा.

आपलाच विषय दुसऱ्या कोणी आधी प्रसिद्ध केला, तर तो दिवस फार वाईट जातो. तो निबंध लगेच सहकाऱ्यासोबत वाचावा. माहिती, पद्धत किंवा प्रश्न यांत फरक जवळपास नेहमीच निघतो. आपल्या निष्कर्षाने त्याला दुजोरा मिळत असेल, तर त्यालाही मोल आहे, आणि ‘प्लॉस बायॉलॉजी’सारखी नियतकालिके २०१८पासून अशा निबंधांचा, ठरावीक मुदतीत सादर केल्यास, विचार करतात.

मदत आणि विराम

दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास राहिले, झोप किंवा भूक बिघडली, आवडत्या गोष्टींतही रस उरला नाही, तर वेळापत्रक सुधारत बसू नये. समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे जावे. जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला विश्वासातल्या माणसाला सांगावे आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी. अनेक विद्यापीठांत आजारपणासाठी नोंदणी काही काळ स्थगित ठेवण्याची सोय असते. तिचे नियम, आणि विशेषतः त्या काळात शिष्यवृत्तीचे काय होते ही बाब, गरज पडण्यापूर्वीच वाचून ठेवावी. विराम घेण्याआधी एक पान लिहावे: कोणती फाईल कुठे आहे, कोणते प्रकरण कोणत्या वाक्यापाशी थांबले आहे आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी करायचे सगळ्यांत सोपे काम कोणते. त्या पानाची एक प्रत मार्गदर्शकांकडे द्यावी, दुसरी प्रबंधाच्या फाईलमध्ये सर्वांत वर ठेवावी.