कॉर्न स्नेकची अंडी उलटू नका

आधीच सांगते, हे आपल्या धामणीसाठी (इंग्रजीत इंडियन रॅट स्नेक) नाही. तिला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं संरक्षण आहे. घरी पाळणंही गुन्हा, पैदास तर लांबच. ही टीप अमेरिकेत हौसेने पाळल्या जाणाऱ्या कॉर्न स्नेकची, म्हणजे तिकडच्या तांबड्या रॅट स्नेकची.

मिलनानंतर मादी कात टाकते आणि त्यानंतर साधारण दीड आठवड्यात अंडी घालते. कात दिसली की ओलसर मॉस (शेवाळ) भरलेला, झाकणाला भोक पाडलेला डबा आत ठेवा, नाहीतर बाई पाण्याच्या भांड्यातच उरकून मोकळ्या!

अंडी हलवण्याआधी प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा. कोंबडीच्या अंड्यांसारखी ही फिरवायची नसतात. उलटली तर आतला जीव दगावू शकतो. एकमेकांना चिकटलेली अंडी ओढून सोडवू नका. अंडी ठेवायचं व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) इतकंच भिजवा, की मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी ठिबकणार नाही. तापमान 27-28 अंश सेल्सिअस. सुमारे दोन महिन्यांनी कवचाला बारीक चिरा पडतात आणि पिल्लू नुसतं नाक बाहेर काढून एखादा दिवस तसंच बसतं. बसू द्या, पोटात बलक जिरत असतो. पहिली कात टाकल्यावरच उंदराचं नवजात पिल्लू खायला द्या.