खेळताना मुलाचे हाड मोडल्यास: उपचार आणि खर्च

कबड्डी किंवा फुटबॉल खेळताना मूल हात टेकून पडले आणि मनगट सुजले, तर ते ओढून किंवा चोळून पाहू नये. कडे, घड्याळ लगेच काढावे, हाताखाली पुठ्ठा किंवा घडी केलेले वर्तमानपत्र ठेवून बांधावे आणि हात झोळीत अडकवावा. भूल द्यावी लागू शकते, म्हणून डॉक्टरांनी पाहेपर्यंत खायला देऊ नये.

वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी, जिथून हाड वाढते तिथे, कूर्चेचा (मऊ, लवचिक ऊतीचा) थर असतो आणि त्याची इजा एक्स-रेमध्ये नेहमी दिसतेच असे नाही; त्यामुळे एक्स-रे ‘नॉर्मल’ असूनही हाडावर नेमके दाबल्यावर दुखत असेल, तर डॉक्टर सांगतील तोवर हात स्थिर ठेवून पुन्हा तपासून घ्यावे. ही दुसरी फेरी पैसे वाचवण्यासाठी टाळणे मला मुळीच पटत नाही, कारण हाड वाकडे वाढल्यावरची शस्त्रक्रिया कितीतरी महाग पडते. प्लास्टरनंतर बोटे निळी किंवा बधिर झाली, वेदना वाढत गेल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

साध्या प्लास्टरचा खर्च बहुतेक आरोग्य विम्यांत मिळत नाही, कारण तो बाह्यरुग्ण उपचार, म्हणजे रुग्णालयात दाखल न होता घेतलेला उपचार ठरतो. भूल देऊन हाड बसवायचे असल्यास मात्र ते पॉलिसीच्या डे-केअर यादीत (२४ तासांपेक्षा कमी वेळ दाखल राहूनही खर्च मिळणाऱ्या उपचारांच्या यादीत) येते का, हे आधी विचारावे. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस खर्च न मिळण्याची अट अपघाताला सहसा लागू नसते. विमा नसल्यास महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयात शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन दाखल होण्यापूर्वीच आरोग्यमित्राला (तिथे योजनेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला) भेटावे.